तीन थॉमसपैकी आपला कोणता? डॉर्सेटच्या खेड्यातला पूर्वज शोधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाईंचे पणजोबा थॉमस १८७१ च्या जनगणनेत साउदॅम्प्टनला रेल्वेत मजूर म्हणून सापडतात. वय २८, जन्मगाव पडलटाउन, इंग्लंडच्या डॉर्सेट काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). त्याच आडनावाच्या तीन थॉमसचे बाप्तिस्मे तुम्हाला त्या भागात मिळालेत. १८४२ मध्ये पडलटाउनला जेम्स आणि मेरीचा, १८४३ मध्ये पिडलहिंटनला जॉर्ज आणि ॲनचा, १८४४ मध्ये टॉलपडलला जेम्स आणि एलिझाबेथचा. इंटरनेटवरच्या एका वंशावळीने यातला पहिला उचललाय आणि घराणं थेट १५६० पर्यंत नेलंय. ते मानायचं का, आणि नसेल तर आपला थॉमस ओळखायचा कसा?

ती वंशावळ तूर्त बाजूला ठेवा. ती चुकीचीच आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही लिहिता त्यावरून तिच्यात पहिल्या थॉमसची निवड का केली याचं एकही कारण दिलेलं नाही, आणि कारण नसलेली निवड पुढच्या दहा पिढ्यांचा पाया होऊ शकत नाही.

खेड्यातल्या मजुराच्या बाबतीत नाव सापडणं सोपं असतं, ओळख पटवणं अवघड. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याचा धागा आधीच ओवलेला असतो. आजोबा, त्यांचे भाऊ, मुलं एका जागी मिळतात. इंग्लंडच्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची, नोंदवही तशी नसते. ती तारखेच्या क्रमाने लिहिलेली असते. आज एकाचा बाप्तिस्मा, परवा दुसऱ्याचं दफन, आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय हे वही सांगत नाही. ते आपण जोडायचं असतं. म्हणून एका माणसाचा माग काढण्यापेक्षा त्या आडनावाची त्या पाचसहा गावांतली सगळी माणसं मांडून घ्या. आपला कोण हे ठरवताना बाकीच्यांचं पुढे काय झालं तेही कळायला हवं. मी हे काम करतो तेव्हा बराचसा वेळ परक्यांच्या पूर्वजांना बाद करण्यातच जातो.

सुरुवात थॉमसच्या लग्नाच्या दाखल्यापासून करा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली, त्यामुळे त्याचं लग्न तिथे मिळायला हवं. दाखल्यावर वर आणि वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आयांची नावं नसतात. ती इंग्लंडमधल्या विवाहनोंदीत ४ मे २०२१ पासून यायला लागली. वयाच्या रकान्यात नुसतं 'पूर्ण वयाचा' असं असेल तर त्याचा अर्थ २१ किंवा जास्त एवढाच घ्या. वडिलांचं नाव जेम्स निघालं तर पिडलहिंटनचा थॉमस मागे पडला, पण अजून बाद नाही. विवाहबाह्य जन्मलेली माणसं लग्नाच्या वेळी पाद्र्यापुढे लाज नको म्हणून आजोबांचं किंवा सावत्र बापाचं नाव सांगत. साक्षीदारांची नावं आवर्जून उतरवून घ्या. साक्षीदार पुष्कळदा भाऊ, बहीण किंवा मेहुणा असतो. साउदॅम्प्टनच्या लग्नात डॉर्सेटचा भाऊ सही करून गेला असेल, तर तोच तुम्हाला योग्य घरापर्यंत नेईल.

मग सरकारी जन्मनोंदींची सूची बघा. जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की ती फुकट बघता येते, आणि तिच्यात १८३७ पासूनच्या मुलांच्या आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. तुमच्या प्रकरणात ही गोष्ट सोन्यासारखी आहे. पडलटाउनच्या थॉमसची आई मेरी आणि टॉलपडलच्या थॉमसची आई एलिझाबेथ यांची माहेरं वेगळी असणार, म्हणजे पुढे प्रत्येक भावंड कोणत्या आईचं हे वेगळं काढता येईल. माहेरच्या आडनावाच्या जागी नुसती रेघ असेल तर मूल बहुधा विवाहबाह्य. नोंदच मिळाली नाही तर मात्र निष्कर्ष काढू नका. नोंद न केल्याबद्दल पालकांवर खरी सक्ती १८७५ पासून आली. त्याआधी खेड्यांतले कितीतरी जन्म निसटलेत.

आता जनगणना. दर दहा वर्षांची जनगणना १८०१ पासून होत असली तरी घरोघरची नावं आपल्याला मिळतात ती १८४१ पासून. १८४१ ची जनगणना ६ जूनच्या रात्रीची. तिच्यात नाती लिहिलेली नाहीत, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवलेलं असतं; ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. जन्मगावही नाही, फक्त 'याच काउंटीत जन्म का' याला हो किंवा नाही. तुमचा थॉमस तेव्हा जन्मला नव्हता, पण त्याचे आईबाप सापडतील.

तुमचं खरं पान १८५१ चं. यात कुटुंबप्रमुखाशी नातं, विवाहित की नाही, वय, धंदा आणि जन्माची पॅरिश असे रकाने आहेत. मूळ पानाची प्रतिमा उघडा, नुसत्या उतरवलेल्या मजकुरावर विसंबू नका. नावांच्या रकान्यालगत आडव्या रेघा दिसतील: लांब रेघ म्हणजे घर बदललं, आखूड रेघ म्हणजे त्याच घरात दुसरं बिऱ्हाड. उतरवून घेणाऱ्याने ती आखूड रेघ सोडली की दोन कुटुंबांची मुलं एकत्र होतात. वयाच्या आकड्यांवर जाड फराटे दिसतात, ते लंडनच्या कारकुनांनी बेरीज करताना मारलेले. त्यामुळे ३ चा ८ वाचला जातो. धंद्याच्या रकान्यात पानभर 'ॲग लॅब' असेल. ते शेतमजुराचं संक्षिप्त रूप.

थॉमस १८५१ मध्ये आठएक वर्षांचा, आईबापांच्या घरात असायला हवा. त्याचं जन्मगाव जिथे जिथे लिहिलंय त्या सगळ्यांत मी या पानाला सर्वांत जास्त वजन देतो. कारण इथे उत्तर आईने किंवा बापाने दिलंय, ज्यांना ते ठाऊक होतं. साउदॅम्प्टनला अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने सांगितलेलं गाव हे पुष्कळदा तो वाढला ते गाव असतं, किंवा परक्या शहरात लोकांना समजेल असं जवळचं मोठं गाव. पिडल नदीकाठी पिडलट्रेंथाइड, पिडलहिंटन, पडलटाउन, टॉलपडल, अफपडल, ब्रायंट्सपडल, टर्नर्स पडल अशी गावांची रांगच आहे, आणि खुद्द पडलटाउन जुन्या कागदांत पिडलटाउन असं येतं. साउदॅम्प्टनच्या प्रगणकाने 'पडल-काहीतरी' ऐकलं आणि ओळखीचं पडलटाउन लिहिलं, हे अगदी शक्य आहे. विंटरबोर्नने सुरू होणाऱ्या गावांची गतही तीच. म्हणून त्याचं जन्मगाव १८५१ ते १९११ च्या प्रत्येक जनगणनेत काय लिहिलंय ते एकाखाली एक मांडा. १९११ पर्यंत तो हयात असेल तर ते पान नक्की काढा. त्या वर्षीचे फॉर्म कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले असून तेच जपलेत, त्यामुळे त्याचं अक्षर आणि त्याने स्वतः लिहिलेलं गाव मिळू शकतं. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यांतली किती जगली, हेही त्यात आहे.

डॉर्सेटबद्दल एक गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळे लोक बरोबर कुटुंबालाच चुकीचं ठरवतात. तिथले शेतमजूर बहुधा वर्षाच्या कराराने राहत, आणि करार संपला की जुन्या लेडी डेला, म्हणजे ६ एप्रिलला, गाडीत संसार घालून दुसऱ्या मालकाच्या झोपडीत जात. आता जनगणनेच्या तारखा बघा: १८५१ ची ३० मार्च, १८६१ ची ७ एप्रिल, १८७१ ची २ एप्रिल, १८८१ ची ३ एप्रिल. १८६१ सोडली तर बाकीच्या तिन्ही गणना स्थलांतराच्या थोड्या आधी झाल्या. १८६१ ची दुसऱ्याच दिवशी झाली. म्हणजे १८६१ मध्ये कुटुंब ज्या गावात दिसतं तिथे ते आदल्या दिवशीच आलेलं असू शकतं, आणि १८६० च्या डिसेंबरमध्ये झालेल्या बाळाचा बाप्तिस्मा तीन मैलांवरच्या दुसऱ्याच पॅरिशमध्ये असेल. हे कुटुंब वेगळं म्हणून सोडून देऊ नका. मुलांची जन्मगावं वयाच्या क्रमाने नकाशावर मांडा. पाच मुलं आणि चार गावं असं दिसलं तर तो बापाच्या नोकऱ्यांचा माग आहे. याच कारणाने तुमच्या तीन पॅरिशपैकी दोन एकाच घराच्या असू शकतात.

तीच शक्यता मला सर्वांत मोठी वाटते. पडलटाउनचा बाप जेम्स, टॉलपडलचाही जेम्स. १८४२ मध्ये बायको मेरी, १८४४ मध्ये एलिझाबेथ. मेरी मधल्या काळात वारली आणि जेम्सने दुसरं लग्न केलं असेल तर हे दोन जेम्स एकच. आणि पहिला थॉमस तान्हेपणी गेला असेल तर दुसऱ्या मुलाला तेच नाव ठेवण्याची तिथे सर्रास पद्धत होती. हे तपासायला तीन नोंदी पुरतात: १८४२ ते १८४४ मधलं एखाद्या मेरीचं दफन, त्याच काळात जेम्सचं लग्न, ज्यात त्याची स्थिती 'विधुर' अशी लिहिलेली असेल, आणि १८४२ नंतर एखाद्या लहान थॉमसचं दफन. १८१३ पासून दफनाच्या वहीत वय आणि राहण्याचं ठिकाण असतं, त्यामुळे 'थॉमस, वय १, पडलटाउन' अशी ओळ मिळाली तर इंटरनेटवरच्या त्या वंशावळीचा नायक लहानपणीच गेला, हे सिद्ध होईल. बाप्तिस्म्याची प्रत्येक नोंद मिळाली की त्या नावाचं दफन शोधायचंच, ही सवय लावून घ्या. बहुतेक जण ही पायरी गाळतात.

१८५१ च्या पानावर नातं वाचताना एक सावधगिरी. 'मुलगा' म्हणजे कुटुंबप्रमुखाचा मुलगा. त्या घरातली बाई त्याची आई असेलच असं नाही. आणि त्या काळी 'सन-इन-लॉ' हा शब्द सावत्र मुलासाठीही वापरत. आठ वर्षांचा पोरगा जावई कसा, असं कोड्यात पडू नका.

थॉमस १८६१ मध्ये आईबापांजवळ दिसला नाही तरी घाबरू नका. खेड्यातली पोरं बारातेरा वर्षांची झाली की शेतकऱ्याच्या घरी राहायला जात आणि तिथे 'नोकर' म्हणून मोजली जात. त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरांतले सतरा-अठरा वर्षांचे नोकर तपासा.

बाप्तिस्म्याच्या वहीबद्दलही थोडं. १८१३ पासून छापील वह्या आल्या, पानावर आठ नोंदी. मुलाचं नाव, आईबापांची नावं, आडनाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, पाद्र्याची सही. राहण्याच्या ठिकाणी पॅरिशऐवजी वाडीचं नाव असलं, जसं पडलटाउनमध्ये ड्रूस किंवा वॉटरस्टन, तर तेच १८५१ च्या जनगणनेत शोधा. दोन्हीकडे तीच वाडी आणि तोच धंदा जुळला की पुरावा चांगलाच घट्ट होतो. ही तारीख बाप्तिस्म्याची आहे, जन्माची नव्हे. तीन भावंडांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा हे नेहमीचं, त्यामुळे १८४४ चा थॉमस १८४२ किंवा १८४३ ला जन्मलेला असू शकतो. पाद्री कधी समासात जन्मतारीख लिहून ठेवतो. उतरवलेल्या सूचीत ती येत नाही, म्हणून पुन्हा सांगतो, मूळ पान बघा. आणि नावं शोधताना कान वापरा. तिथल्या बोलीत शब्दाच्या आरंभीचा 'फ' हा 'व्ह' होतो आणि 'स' चा 'झ' होतो. आडनाव 'फ' ने सुरू होत असेल तर 'व्ह' खालीही शोधा. लिहिता न येणाऱ्या माणसाने सांगितलं तसं पाद्र्याने लिहिलं.

डॉर्सेटच्या बहुतेक पॅरिशच्या वह्या डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्ट्री सेंटरमध्ये आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ॲन्सेस्ट्री या वर्गणीच्या संकेतस्थळावर मिळतात. इंग्लंडमधल्या पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत ॲन्सेस्ट्री फुकट वापरता येतं, तेव्हा वर्गणी भरण्याआधी तिथे विचारा. डॉर्सेट ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स आणि फ्रीरेज ही स्वयंसेवकांची संकेतस्थळं शोधायला उत्तम, आणि १८८१ च्या जनगणनेचा मजकूर फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे.

थॉमसचा बाप पक्का झाला की त्याच्या मागे जाताना चित्र बदलतं. १८३७ च्या आधी सरकारी नोंदणी नाही, चर्चचीच वही. २५ मार्च १७५४ पासून लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा लागू झाला, तेव्हापासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा फुल्या आहेत. सही असेल तर ती जपून ठेवा. दोन गावांत त्याच नावाचे दोन पुरुष असतील तर एकाची सही दुसऱ्याच्या फुलीपासून वेगळी काढता येते. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये, आणि पहिलं बाळंतपणही कित्येकदा माहेरी, म्हणून पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा तिकडे शोधा. कुटुंब मेथडिस्ट किंवा काँग्रिगेशनल अशा, इंग्लंडच्या चर्चपासून वेगळ्या पंथाचं असलं तर बाप्तिस्मे त्यांच्या चॅपलच्या वहीत असतील. १८३७ नंतर सरकारने गोळा केलेल्या अशा वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. लग्नं मात्र १७५४ ते १८३७ या काळात, क्वेकर आणि ज्यू सोडून, सगळ्यांची इंग्लंडच्या चर्चमध्येच लागायची.

मजुराबद्दल सर्वांत बोलका कागद मात्र या वह्यांत नसतो, तो गरिबांच्या मदतीच्या कागदांत असतो. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाची एक हक्काची पॅरिश ठरली, आणि हलाखी आली तर त्याला पोसायचं तिनेच. त्यामुळे परक्या गावात कोणी मदत मागितली की न्यायाधीशांपुढे त्याची जबानी होई: जन्म कुठे, कोणाकडे कोणत्या वर्षी नोकरी, पगार किती, लग्न कधी, मुलं किती. ज्याने आयुष्यात स्वतः एक अक्षर लिहिलं नाही त्याचा जीवनवृत्तान्त एका पानावर मिळतो. पूर्ण वर्षाची नोकरी केली की हक्क मिळायचा, म्हणून मालक मुद्दाम ५१ आठवड्यांवर करार संपवत. जबान्यांत हे वाचताना फार वाईट वाटतं. टॉलपडलच्या ज्या सहा मजुरांना संघटना बांधताना गुप्त शपथ दिल्याबद्दल १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलं, त्यांच्या गावात मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगांवरून सातवर आली होती आणि सहाची धमकी होती. तुमचा जेम्स त्याच नदीकाठी त्याच मजुरीवर जगला असणार. त्याचा मुलगा रेल्वेत का गेला, हे त्यावरून समजतं. त्याच सुमाराच्या टाइद नकाशांसोबत, म्हणजे १८३६ च्या कायद्यानंतर दशांश कराची आकारणी करायला काढलेल्या नकाशांसोबत, यादी असते आणि तिच्यात प्रत्येक शेताचा आणि घराचा मालक व राहणारा लिहिलेला आहे. नशीब असेल तर जेम्सची झोपडी बोट ठेवून दाखवता येईल.

१७५२ च्या आधीच्या तारखा वाचताना वर्ष २५ मार्चला सुरू होत असे हे लक्षात ठेवा. वहीत १० फेब्रुवारी १७२० असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. ते १७२०/२१ असं लिहून ठेवा. १६५३ ते १६६० ही वर्षं पुष्कळ ठिकाणी फाटकी असतात. वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण त्या काळातल्या फारच थोड्या गावांच्या उरल्यात. त्या जुन्या नोंदींत कित्येकदा फक्त बापाचं नाव असतं, आईचं नाही. अशा दोन ओळींवरून 'जॉनचा मुलगा जॉन' कोणता हे ठरवायला मृत्युपत्र किंवा जमीनदारीच्या न्यायालयाचे कागद लागतात, आणि मजुराकडे मृत्युपत्र क्वचितच असतं. डॉर्सेटची कितीतरी जुनी मृत्युपत्रं १७३१ च्या ब्लँडफर्डच्या आगीत गेली. माझ्या मते शेतमजुराच्या घराण्याची पुराव्यासकट १७०० च्या आसपासपर्यंतची रेषा ही उत्तम कामगिरी आहे. १५६० चा दावा समोर आला की प्रत्येक पिढीला विचारा: हाच का, दुसरा का नाही?

थॉमसला भाऊ असतील आणि एखादा अचानक गायब झाला तर सैन्य तपासा. खेड्यातली पोरं मोठ्या संख्येने भरती होत, आणि पेन्शनवर निघालेल्या सैनिकांच्या कागदांत, क्यूच्या डब्ल्यूओ ९७ मालिकेत, जन्माची पॅरिश लिहिलेली असते. मुंबई इलाख्यात गेला असेल तर त्याचं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफन यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत एन/३ मालिकेत आहेत. खडकी, अहमदनगर, देवळाली ही नावं तिथे वारंवार येतात. पुण्या-नाशिकच्या ज्या वाचकांकडे असा गोरा पूर्वज आहे त्यांनी उलट दिशेने, एन/३ पासून सुरुवात करून इंग्लंडच्या पॅरिशपर्यंत यावं.

तुम्ही आता एवढंच करा. लग्नाचा दाखला मागवा. तो येईपर्यंत १८५१ मध्ये पडलटाउन, टॉलपडल आणि पिडलहिंटन या तिन्ही ठिकाणी त्या आडनावाची सगळी घरं उतरवून घ्या, आणि १८४२ ते १८५१ ची दफनं बघा. तिन्ही थॉमससाठी एकेक कागद करा. बाप्तिस्मा, आईचं माहेर, १८५१, १८६१, लग्न, दफन असं एकाखाली एक. १८७१ नंतरही डॉर्सेटमध्येच दिसणारा थॉमस तुमचा नाही, तान्हेपणी गेलेलाही तुमचा नाही, आणि उरलेला टिकतो का ते साक्षीदारांच्या नावांशी ताडून बघा. दोन उरले तर दोन्ही ठेवा, पेन्सिलीने. दाखला आला की वडिलांचं नाव आणि साक्षीदार मला कळवा, पुढचं आपण मिळून बघू.